हिरव्याला भिणारे सर

एप्रिल महिन्यात आमच्या जालना जिल्ह्यात कुठे हिरवं दिसलं, तर माणूस गाडी थांबवून बघत राहतो. डॉक्टर सुखदेव हिवराळे यांना मात्र हिरवं दिसलं की घाम फुटायचा, आणि तो उन्हाचा नसायचा. सकाळी शेतावरची एखादी बाई कौतुकानं सांगत यायची, "सर, तुमच्या प्लॉटला कोंब आलेत बघा, हिरवेगार!" सर हातातला कप खाली ठेवायचे, निम्मा चहा बशीत सांडायचा, आणि ते हळूच विचारायचे, "किती?" जणू काही तिनं शेतात साप बघितले होते.

गंमत अशी की हे कोंब यावेत म्हणूनच सरांनी नोकरीची तीस वर्षं घालवली होती.

मी जालना-अंबड रस्त्यावरच्या एका कृषी संशोधन केंद्रात कारकून आहे. आडनाव तौर. शेतीतलं मला फाइलीपुरतंच कळतं. जुन्या जालन्यात वडिलांच्या धान्याच्या दुकानात वाढलो, त्यामुळे ज्वारी पोत्यातून येते अशीच बरीच वर्षं माझी समजूत होती. सरांचं काम मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. आपण ज्वारी दरवर्षी पेरतो, कापतो आणि ती मरते. सरांना अशी ज्वारी हवी होती की एकदा पेरावी, कणसं कापून न्यावीत, आणि ती जमिनीखाली जिवंत राहून पुढच्या साली आपली आपण उगवावी. पाच वर्षं, सात वर्षं. दरसाल नांगरट नको, बियाणं नको, पहिल्याच पावसात माती वाहून जायला नको. त्यासाठी त्यांनी आपल्या ज्वारीचा बरूशी संकर केला होता. बरू म्हणजे बांधावर माजणारं, दहा वेळा उपटलं तरी अकराव्यांदा उगवणारं रानगवत. कापलेल्या बुडातून पुन्हा फुटणाऱ्या पिकावरून विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'खोडवा सर' म्हणायचे. सरांना ते माहीत होतं, आणि आवडतही असावं.

या कामात नोकरीचं भलं होण्यासारखं काही नव्हतं. बाकीच्या प्राध्यापकांचा प्रयोग चार महिन्यांत संपायचा आणि वर्षाच्या आत त्यावर निबंध छापून यायचा. सरांचा प्रयोग संपायचाच नाही, कारण पीक मरत नाही हेच तर त्यांना दाखवायचं होतं. त्यांच्या मागून आलेले पुढे गेले. त्यांचाच एक विद्यार्थी विभागप्रमुख होऊन त्यांच्या रजेच्या अर्जावर सही करायला लागला. पहिली कितीतरी वर्षं जी झाडं जगायची ती दाणा द्यायची नाहीत, आणि दाणा देणारी जगायची नाहीत. मग एका साली एक्केचाळीस नंबरच्या रांगेनं दोन्ही केलं. सगळ्या केंद्रानं पेढे खाल्ले. सर त्या दिवशी जेवले नाहीत.

"सगळं बराबर हाय, तौरबाबू," ते मला म्हणाले, "पर भेव हाय."

हे त्यांचं पालुपद. पगार झाला, पाऊस झाला, मुलाला पुण्यात नोकरी लागली, तरी सगळं बराबर हाय, पर भेव हाय.

भीतीचं कारण इकडच्या कुठल्याही गुराख्याला विचारा. ज्वारीचा दाणा चालतो, वाळलेला कडबा चालतो. पण पाण्याविना तडफडत फुटलेला कोवळा कोंब जनावरानं पोटभर खाल्ला, तर ते अर्ध्या तासात आडवं होतं. आणि सरांची ज्वारी फुटायची ती नेमकी उन्हाळ्यात, शिवारात दुसरी हिरवी काडी नसताना. म्हणजे सरांना जसजसं यश येत गेलं, तसतसे ते जास्त घाबरत गेले.

प्लॉटला त्यांनी काटेरी तार लावली. तारेबाहेर बोरीच्या काट्यांचं कुंपण, त्याच्याबाहेर पुन्हा तार. फाटकाला तीन कुलपं. एका जोडाच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या, आणि खरं सांगतो, त्या खिशात असल्या की मलाही नीट जेवण जायचं नाही. रविवारी सर खुरपं घेऊन आसपासचे बांध हिंडायचे. पाखरांनी आपलं बी नेऊन टाकलं असेल तर, या धास्तीनं दिसेल तो बरू खणून काढायचे. एकदा शेजारच्या गावात एका गोठ्यापासून आमच्या कुंपणापर्यंतचं अंतर पावलांनी मोजताना ते सापडले. लोकांना वाटलं, गुरं चोरणारा टेहळणीला आलाय. त्यांना पारावर बसवून ठेवलं आणि मला फोन आला. मी धापा टाकत पोचलो, तर सर त्याच लोकांना गाईचं दावं सुटणार नाही असं कसं बांधायचं ते शिकवत होते, आणि ज्यानं त्यांना पकडलं होतं तो पुढे बसून गाठ मारून दाखवत होता.

केंद्रात आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं की लहानपणी सरांची गाय अशीच मेली असणार. एकदा मी विचारलंच.

"आमची कुठली गाय?" सर हसले. "आमच्या बापाकडं जमीन न्हाई, जनावर न्हाई. मी दुसऱ्याच्या गाई राखायचो. एकदा एक गाय कोंबात घुसली व्हती."

"मेली?"

"न्हाई मेली. पर दिवस मावळेस्तोवर मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो व्हतो. आपली गाय मेली तर माणूस रडून घेतो, तौरबाबू. दुसऱ्याची मेली, तर आमच्यासारख्यानं जायचं कुठं?"

मी विषय बदलला. माझ्या आजोळी गाई होत्या, आणि त्या राखायला मुलंही होती. त्यातल्या एकाचंही नाव मला आठवेना.

सरांच्या निवृत्तीला शेवटचा उन्हाळा उरला आणि वरून पत्र आलं. एक्केचाळीस नंबरचे उन्हाळी कोंब जनावराला खाऊ घालून पाहिलेले नाहीत; मे अखेरपर्यंत तसा अहवाल पाठवावा, अन्यथा प्रयोग बंद करून प्लॉट नांगरून टाकावा. तीस वर्षांचं काम दोन ओळींत. मी ते पत्र तीनदा वाचलं. सरांनी एकदाच वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"सर, तुमची कागदाची पट्टी आहे की," मी म्हणालो. विषारी पाल्याजवळ ती पिवळी पट्टी लाल व्हायची. एक्केचाळीस नंबरला ती पिवळीच राहायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"पट्टी काय मरत न्हाई," सर म्हणाले. "तिच्या भरवशावर दुसऱ्याला कसं सांगायचं, की दावणीला घाला म्हणून?"

मंजुरी घेऊन मी अंबडच्या बाजारातून शेळी आणली. काळी, एका कानावर पांढरा ठिपका, आणि माझ्या सदऱ्याची बाही खाण्यात पटाईत. नियमाप्रमाणे मी तिला टेबल-खुर्च्यांच्या डेडस्टॉक रजिस्टरला चढवली, ते वाचून सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिला नाव द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. प्रयोगाच्या जनावराला नाव दिलं की माया जडते म्हणे. म्हणून ते तिला 'पाहुणी' म्हणायचे आणि तिच्याशी अहो-जाहो करायचे.

प्रयोगाचा दिवस ठरायचा आणि पुढे जायचा. आज ऊन लई हाय. आज पाहुणीचं तोंड उतरल्यावाणी दिसतं. एकदा म्हणाले, आज अमावस्या हाय.

"सर, तुम्ही कधीपासून अमावस्या पाळायला लागलात?" घरात बुद्धवंदनेशिवाय दुसरं काही न मानणारा हा माणूस.

"मी न्हाई पाळत," सर म्हणाले. "ती पाळत आसंल तर?"

तोवर पाहुणी सरांच्या डब्यातली अर्धी भाकरी, लसूणघास आणि माझ्या टेबलावरचं एक परिपत्रक खाऊन चांगली गोल झाली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी सह्यांसाठी प्लॉटवर गेलो होतो. परत येताना तीन कुलपांपैकी एकच लावलं. लोखंड इतकं तापलं होतं की हात लाववत नव्हता. फाटकाला खालून फट राहिली. तासाभरानं ओरडा ऐकू आला. धावत जाऊन बघतो, तर दोर तुटलेला आणि पाहुणी थेट एक्केचाळीस नंबरमध्ये. अर्ध्या रांगेचे कोंब बुडापर्यंत साफ, आणि ती पुढचा घास घेत होती. किल्ल्या माझ्या खिशात वाजत होत्या.

केंद्रातले जनावरांचे डॉक्टर पाच मिनिटांत आले. तरुण, धीराचा माणूस. त्यांनी इंजेक्शन भरून हातात धरलं, शेळी तपासली आणि म्हणाले, "सर, भिऊ नका. विष असंल तर पंधरा-वीस मिनिटांत कळंल. लक्षण दिसलं की त्याच क्षणी सुई मारतो. आन् न्हाई दिसलं, तर तुमचा अहवाल आपोआप झाला!"

खरंच होतं ते. नुसतं थांबायचं होतं. सर मातीत मांडी घालून बसले आणि शेळीचं तोंड त्यांनी दोन्ही हातांत धरलं. मी घड्याळ बघायला लागलो. पाच मिनिटं. शेळी रवंथ करत होती. आठ मिनिटं. तिनं कान हलवला, सरांचा चेहरा पांढरा पडला. अकरा मिनिटं. पाहुणी शिंकली.

"द्या!" सर म्हणाले.

"सर, नुसती शिंकली. काही झालं न्हाई तिला."

"द्या म्हणतो ना!" इतक्या वर्षांत सरांचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरांनी सुई मारली. शेळी ओरडली आणि लगेच डॉक्टरांचा सदरा चावायला लागली.

मला इतका संताप आला की सांगता येत नाही. स्वतःची चूक होती म्हणून जास्तच आला. "नऊ मिनिटं, सर! नऊ मिनिटं थांबला असतात तर तीस वर्षं वाचली असती!" मी बोलून गेलो. सर शेळीच्या पाठीवरची माती झटकत राहिले.

संध्याकाळी अहवाल लिहायला बसलो आणि कारकुनी कामाला आली. सरकारात न केलेला प्रयोग बंद करता येतो. अपूर्ण राहिलेला येत नाही, तो पूर्ण करावा लागतो. मी लिहिलं: 'प्रयोग सुरू केला. शेळीने कोंब खाल्ले. अकराव्या मिनिटाला खबरदारी म्हणून उपचार केल्यामुळे निष्कर्ष निघू शकला नाही. प्रयोग अपूर्ण.' आठवड्यानं उत्तर आलं. प्रयोग पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण करावा, तोपर्यंत प्लॉट आहे तसा ठेवावा. सर तोवर निवृत्त होणार होते, पण रांग जिवंत राहणार होती. उत्तर वाचून मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पत्र घेऊन प्लॉटवर गेलो. तिन्ही कुलपं उघडी. सर एक्केचाळीस नंबरच्या उरलेल्या रांगेत उकिडवे बसले होते, पाठ माझ्याकडे. हाक मारली. ते वळले. त्यांचं तोंड चालू होतं आणि ओठांच्या कडेला हिरवा रस होता.

मी डॉक्टरांच्या नावानं इतका ओरडलो की झाडावरचे कावळे उडाले. इतक्या सकाळी डॉक्टर कुठले असायला!

"ओरडू नका, तौरबाबू. पाहुणी घाबरंल." सरांनी चोथा थुंकला. "मागच्या उन्हाळ्यापासून खाऊन राह्यलो. आधी एक पान खाल्लं, मंग दोन. आता ओंजळभर खातो. काही होत न्हाई."

"काही होत नाही?" मी पुन्हा ओरडलो. "आणि झालं असतं तर? शेळीला आणखी नऊ मिनिटं देववली नाहीत, आणि तुम्ही स्वतः..."

"शेळीला बोलता येत न्हाई," सर म्हणाले. "मला काही झालं तर सांगता येतं."

"कुणाला? कुणाला सांगणार होतात, सर?"

त्यांची बायको जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला, दिवाळीला फोन करणारा. क्वार्टरमध्ये ते आणि ओसरीवर शेळी. सर थोडे गडबडले. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. घड्यांवर विरलेला, घामानं मऊ पडलेला.

'मी एक्केचाळीस नंबरचे कोंब चावून रस गिळला आहे. मला काही झाल्यास ही रांग कोणत्याही जनावराला घालू नये. शेळी तौरबाबूंकडे पोचवावी. ते ओरडतात, पण उपाशी ठेवणार नाहीत.' शेळीच्या ओळी वेगळ्या शाईत, मागून जोडलेल्या. खाली सही. मुलाचं नाव नाही, भावाचं नाही, आणखी कुणाचंही नाही.

मला रडू आलं. ते लपवायला मी चष्मा पुसला आणि ऑफिसात विचारतो तसं विचारलं, "यावर तारीख नाही, सर."

"रोज नवी कशाला लिहायची?" सर कागदाची घडी घालत म्हणाले. "तारीख कोणतीबी आसो, पोचवायचं तर तुमच्याकडंच हाय."