थोरल्यात रॅम नाही

अर्ध्या तासात निकाल लावायचा, असं ठरवूनच तिनं त्या दिवशी टायपिंगच्या दुकानाचं शटर वर केलं. तीन जुने कॉम्प्युटर आणि एकच प्रश्न: सुधारून ठेवायचे की काढून टाकायचे? भावनेला जागा नाही! वडिलांना जाऊन पाच महिने झाले होते आणि तिन्ही डबे त्यांचेच होते. म्हणून तर हा नियम तिनं कागदावर लिहूनच आणला होता.

वडिलांनी त्यांना घरातलीच नावं दिली होती. थोरला सुरू व्हायला पाऊण तास घ्यायचा, पण एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. हुबेहूब थोरले काका! धाकट्याला दर महिन्याला नवं दुखणं. मधला म्हणजे ते स्वतः. दुरुस्तीवाला काळी बॅग घेऊन येतो म्हणून तो डॉक्टर. ही नावं तिला आणि आईला सोडून कुणालाच ठाऊक नव्हती.

डॉक्टरांनी थोरल्याचं बटण दाबलं. डबक्यातून म्हैस उठावी तसा आवाज झाला आणि मग सगळं शांत.

"ताई, याच्यात रॅम नाही पुरेशी. नवा घ्या."

निर्णय! तिनं लगेच घरी फोन लावला. पलीकडून नुसतं "हं" आलं. ते कुणाचं हे बघायला तिला सवड कुठली!

"आई, थोरल्यात रॅम नाही! सकाळपासून नुसती घरघर. डॉक्टरांनी उघडून पाहिलं, आत सगळी धूळ! दुपारी इथूनच उचलून नेतील. रडू नकोस हं, वयच झालं होतं त्याचं."

पलीकडे होती आत्या. राहायला आलेली, आणि कानानं जरा कमी. तिला ऐकू आलं, 'थोरल्यात राम नाही'. तिनं लगेच थोरल्या भावाला फोन लावला, तर लाइन व्यस्त. काका सुरू झाले होते! आत्याची खात्रीच पटली.

पाऊण तासात दुकानात अकरा माणसं जमली. धाकटे काका दाराची चौकट धरून म्हणाले, "कुठंय?"

"हा काय, टेबलाखाली."

"टेबलाखाली?"

"अगं, निदान नीट निजवायचा तरी!" आत्यानं टाहो फोडला.

"वायरी काढून आडवा केलाय की!" ती म्हणाली.

एवढ्यात मागून गर्दी सारत, हातात फुलं घेऊन थोरले काका आत आले. "कोण गेलं? फोनवर कुणी धड सांगत नाही, नुसते रडतात!"

"तूच!" आत्या किंचाळली.

"मी? मग ही फुलं कुणाला द्यायची?"

मग तिला सगळं सांगावं लागलं. काकांनी टेबलाखाली डोकावून पाहिलं.

"या खोक्याला माझं नाव?"

"बाबांनीच ठेवलंय."

"का?"

"सुरू व्हायला वेळ लागतो."

"आणि?"

"एकदा सुरू झाला की थांबत नाही."

अकराही माणसं जमीन न्याहाळू लागली. काका गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि डब्यावरची धूळ पंज्यानं पुसत राहिले.

"मग काढतेस कशाला?"

तिनं कागदाकडे पाहिलं. मग त्याची घडी घालून तो पर्समध्ये टाकला.

डॉक्टर खाकरले. "मधल्याकडे रॅमच्या दोन पट्ट्या आहेत. एक काढली तरी त्याचं भागेल. मधल्याची मेमरी थोरल्यात घालून बघू का?"

काकांनी नेहमीप्रमाणे वेळ घेतला. "आहेच ती," ते म्हणाले. "पण घाल."

म्हैस पुन्हा उठली, आणि या वेळी चालू लागली! आत्यानं डोळे पुसले आणि लगेच कामाला लागली. "म्हणजे पोरगी जुने टाकत नाही तर! आमच्या माळ्यावर एक आहे गं. टाकवत नाही आणि ठेववत नाही."

"आमच्याकडे दोन," धाकटे काका म्हणाले.

थोरले काका तडक घरी निघाले. दुपारी टेम्पोतून त्यांचा डबा आला तेव्हा तो उतरवायलाच चार माणसं लागली.

तिघांचा निकाल लावायला निघालेल्या बाईच्या दुकानात आता सात कॉम्प्युटर होते. डॉक्टर दारात अंग चोरून उभे होते. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती.

"मग ताई, सुधारायचं काय काय?"

"दुकान," ती म्हणाली.