रेघेवरचे एकाहत्तर

हद्द या विषयात हद्दीकाकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या गावात नव्हता, आणि हे आम्ही म्हणत नाही, ते स्वतःच सांगत. मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस! कुणाचं कुंपण कुणाच्या जागेत चार बोटं शिरलंय, कुणाची भिंत शेजारच्या अंगणात सरकलीय, हे त्यांना नुसतं बघून कळायचं. मोजणीची साखळी लावायची ती समोरच्याची खात्री पटावी म्हणून. त्यांचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपुस्तकात होतं. बाकी जगाला ते हद्दीकाका.

त्यामुळे शाळेनं शालान्त परीक्षेच्या वर्षी पालकसभा बोलावली आणि विषय ठेवला ‘श्रेणींच्या सीमा समजून घेऊ’, तेव्हा काका पहिल्या रांगेत जाऊन बसले. त्यांची मुलगी, घरातली ठकी, त्याच वर्षी परीक्षेला होती. गणिताच्या बाईंनी सांगितलं की अ श्रेणी किती गुणांना सुरू होणार हे आधी ठरलेलं नसतं. पेपर तपासून झाले की मंडळ बसतं आणि मग रेघ ओढतं. पेपर अवघड निघाला तर रेघ खाली येते, सोपा निघाला तर वर जाते. निम्म्या पालकांच्या हे डोक्यावरून गेलं. काकांच्या मात्र मस्तकात गेलं. पीक काढून झाल्यावर बांध हलवायचा, ही कुठली रीत, असं त्यांनी भर सभेत विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या की जमीन तीच राहते, पेपर मात्र दरवर्षी नवा असतो. काकांनी दोन दिवस त्यावर विचार केला, तिसऱ्या दिवशी त्यांना ते पटलं, आणि चौथ्या दिवशी ते दुसऱ्यांना शिकवायला लागले.

शिकवणी त्यांच्याच व्हरांड्यात झाली. गल्लीतले सगळे पालक आले. काकांनी भिंतीवर जुन्या नकाशाची पाठ लावली आणि अ, ब, क अशा पट्ट्या आखल्या, अगदी शेजारशेजारचे प्लॉट असावेत तशा. शेजारच्या शिंपीणबाई गळ्यात टेप तशीच ठेवून आल्या होत्या. त्यांनी मुद्द्याचं विचारलं, “आणि मार्क बरोब्बर रेघेवरच पडले तर?”

काका हसले. असल्या प्रश्नाची ते जन्मभर वाट बघत होते.

“रेघ कुणाचीच नसते, बाई. रेघेवर उभा तो आत नाही. आत यायचं तर ओलांडून यावं लागतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. खात्याचा नियमच होता तो. या नियमावर काकांनी शेकडो भांडणं मिटवली होती आणि शंभरेक नवी लावली होती. गणिताच्या बाईंना जाऊन विचारावं असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. हद्दीचा प्रश्न, आणि हद्दीकाका समोर बसलेले!

आता ठकीचं सांगायला हवं. ठकीला पुलांच्या कॉलेजात जायचं होतं. कॉलेजचं खरं नाव लांबलचक होतं, पण तिथं पूल बांधायला शिकवत, म्हणून घरात त्याला पुलांचं कॉलेजच म्हणत. आगगाडीनं आठ तास लांब. प्रवेश तात्पुरता मिळालाही होता, फक्त गणितात अ श्रेणी हवी. ती नसेल तर निकालाच्या दिवशी बारा वाजायच्या आत प्रवेश रद्द करून जागा मोकळी करायची, म्हणजे यादीतल्या पुढच्याला ती मिळेल.

ही ओढ तिला बापाकडून लागली होती. लहान असल्यापासून दर रविवारी काका तिला नदीवरच्या लोखंडी पुलावर घेऊन जात. दोघं मधोमध उभी राहत, कठड्यावर हात ठेवत आणि ट्रक यायची वाट बघत. ट्रक आला की पूल हाताखाली थरथरायचा. “आता बघ, सगळं वजन त्या खांबाकडे चाललंय,” काका हळूच म्हणत, आणि त्यांचा आवाज असा व्हायचा की जणू ते वजन त्यांना कुणीतरी परत आणून द्यायला हवं होतं. सोळाव्या वर्षी त्यांनाही त्याच कॉलेजात जायचं होतं. थोडक्यात हुकलं, एवढंच ते सांगत. किती थोडक्यात, ते बायकोजवळही कधी बोलले नव्हते. पुढच्याच आठवड्यात ते मोजणीच्या तुकडीबरोबर साखळी ओढायला गेले, आणि साखळी ओढता ओढता मोजणीदार झाले. काम चांगलं होतं. पण पूल दिसला की माणूस कामाचा राहायचा नाही.

निकालाच्या दिवशी काका आणि ठकी नऊ वाजताच शाळेत हजर झाले. फळ्यावर दोन कागद लावले होते. एकावर प्रत्येकाचे गुण, दुसऱ्यावर सीमांचा तक्ता. श्रेणी छापलेलं प्रमाणपत्र तीन आठवड्यांनी येणार, तोवर ज्यानं त्यानं आपलं आपण ताडून बघायचं. ठकीला गणितात एकाहत्तर होते. काकांचं बोट तक्त्यावर गेलं. गणित, अ, एकाहत्तर.

बोट तिथंच थांबलं.

“बाबा?”

“रेघेवर,” काका म्हणाले.

ठकी व्हरांड्यातल्या शिकवणीला पहिल्या ओळीत बसली होती. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. ती गेली आणि पटांगणातल्या नळावर तोंड धूत राहिली. एवढा वेळ तोंड धुण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

तेवढ्यात शिंपीणबाई लेकीला घेऊन आल्या. लेकीला पस्तीस, आणि उत्तीर्ण होण्याची रेघ पस्तीसला. काकांनी जड आवाजात निकाल दिला. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. मग बेकरीवाला आला. त्याच्या मुलीला एकोणसाठ, आणि ब ची रेघ एकोणसाठला. तोही खांदे पाडून गेला. साडेनऊच्या आत काकांनी तीन घरांत सुतक धाडलं होतं, आणि तेही अतिशय प्रामाणिकपणे. गणिताच्या बाई त्या दिवशी दुसऱ्या शाळेत कामाला गेल्या होत्या आणि शाळेतला क्लार्क गर्दीत असा बुडाला होता की कुणी त्याचं नाव विचारलं असतं तरी तो शिक्का मारून मोकळा झाला असता.

काका ठकीला म्हणाले की प्रवेश रद्द करायचा फॉर्म इथंच मिळतो, आत्ताच भरून टाकू. बारापर्यंत वेळ आहे, असं ठकी पुटपुटली. पण दुसऱ्याची जागा एक मिनिटभरसुद्धा अडवायची नाही, हा माणसाचा बाणा. आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलेले! त्यांनी खिडकीशी उभं राहून फॉर्म भरला. अर्जाचा क्रमांक घरी राहिला होता, म्हणून तो रकाना तसाच सोडला. नावावर भागेल, असं त्यांना वाटलं. क्लार्कनं न वाचता शिक्का मारला आणि कागद फॅक्सच्या मशीनमध्ये घालून कॉलेजला पाठवून दिला. दहा वाजायला दोन मिनिटं कमी होती.

घरी आल्यावर काकांनी समजूत घालायला सुरुवात केली, आणि समजूत घालणं हा काही त्यांचा प्रांत नव्हता. ते म्हणाले, मोजणी खात्यातही आता मुली असतात. म्हणाले, पूल बांधायचा तर आधी दोन्ही टोकांची मोजणी करणारं माणूस लागतंच.

“मला टोकं नको होती, बाबा,” ठकी म्हणाली. “मला मधलं हवं होतं.”

काकांनाही तेच हवं होतं आणि अजूनही हवं होतं. पन्नाशीला टेकलेला माणूस लेकीसमोर हे कुठल्या तोंडानं सांगणार! ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना भांडी पुसत बसले.

दोन वाजता ठकीची आई दवाखान्यातली सकाळपाळी संपवून आली. ती नर्स. रडणाऱ्या माणसाला आधी काय झालंय ते विचारायचं आणि मग दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करायची, अशी तिची सवय. शेजारून शिलाई मशीनची घरघर आणि हुंदके आळीपाळीनं ऐकू येत होते. इथं लेक भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“रेघेवर म्हणजे बाहेर, हे कुणी सांगितलं?”

“बाबांनी.”

“अहो, तुम्ही मोजणी खात्यात आहात की परीक्षा मंडळात?”

आईनं चपला काढल्याच नव्हत्या. तिनं ठकीला उठवलं, शिंपीणबाईंना हाक मारली, वाटेत बेकरीवालाही पीठ लागलेल्या हातांनी सामील झाला, आणि सगळी वरात गणिताच्या बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. बाई नुकत्याच घरी येऊन जेवायला बसल्या होत्या. त्यांना आधी प्रश्नच कळेना, कारण असा प्रश्न असू शकतो हेच त्यांना माहीत नव्हतं.

“एकाहत्तरला सीमा म्हणजे एकाहत्तरपासून अ सुरू,” त्या म्हणाल्या. “एकाहत्तर मिळाले म्हणजे अ मिळाला. पस्तीस म्हणजे पास. यात ओलांडायचं काय आहे?”

शिंपीणबाईंनी खाली बसून घेतलं. मग त्यांनी काकांना जे सुनावलं ते इथं सगळं देता येणार नाही. लेकीला आता शिवणकामच करावं लागणार असं समजून त्यांनी सकाळपासून तिच्याकडून अकरा उशांचे अभ्रे शिवून घेतले होते, एवढाच भाग छापण्याजोगा आहे. बेकरीवाला मात्र काही न बोलता पळत घरी गेला, मुलीला सांगायला.

ठकी बापाकडे बघत होती. काका बाईंकडे बघत होते.

“हा नियम कधीपासूनचा?” त्यांनी विचारलं.

“पहिल्यापासून हाच आहे.”

“एकतीस वर्षांपूर्वीही?”

“तेव्हा मी शाळेत होते, काका. तेव्हाही हाच.”

काका भिंतीला टेकले. “मला चौसष्ट होते,” ते म्हणाले. “रेघ चौसष्टला होती.”

बाईंनी विचारलं की प्रमाणपत्रावर श्रेणी आली असेलच की, ती बघितली नाही का? काका म्हणाले की ते आणायला ते कधी गेलेच नाहीत. नोकरीला नुसत्या गुणांचा कागद पुरला. ब लिहिलेला कागद आणायला कोण जाईल? बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. ठकीच्या आईला नवऱ्यावर ओरडायचं होतं, घरातून निघाल्यापासून तिनं त्याची तयारी केली होती. पण ती जवळ गेली आणि तिनं नुसता त्यांचा दंड धरला. इतक्या वर्षांत आपल्याला हा आकडा ठाऊक नव्हता, याचंच तिला वाईट वाटत होतं.

“बाबा, माझा फॉर्म,” ठकी म्हणाली.

मग सगळेच भानावर आले. अडीच वाजून गेले होते. रद्द केलेली जागा बारा वाजताच पुढच्याला गेली असणार. बाईंनी कॉलेजचा नंबर लावला आणि फोन काकांच्या हातात दिला. काकांनी कसंबसं ठकीचं नाव सांगितलं आणि विचारलं की ही जागा गेली का. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून बाईंनी फोनचा आवाज मोठा केला. पलीकडचा क्लार्क बराच वेळ कागद चाळत राहिला. ठकीनं आईची बोटं इतकी घट्ट धरली होती की ती पांढरी पडली.

“नाही हो, हे नाव यादीत आहे,” क्लार्क म्हणाला. “रद्द वगैरे काही नाही. सोमवारी कागद घेऊन या.”

ठकी मटकन खाली बसली आणि हसत हसत रडायला लागली. आईनं तिला कुशीत घेतलं. काका मात्र प्रामाणिक माणूस. त्यांनी फोन ठेवला नाही. सकाळी आपण तुमच्याकडे एक फॉर्म पाठवला होता, त्याचं काय झालं, असं त्यांनी विचारलं.

“तुमच्या शाळेतून आलेला का? तो तुमचा होय! सकाळपासून आम्ही तिघंजण त्याच्यामागे आहोत. त्यावर अर्जदाराचं नाव आणि पालकाचं नाव एकच आहे.” क्लार्कनं ते नाव वाचून दाखवलं. ते काकांचं होतं, हजेरीपुस्तकातलं, पूर्ण. “या नावाचा अर्ज यंदाच्या यादीत नाही, गेल्या वर्षीच्याही नाही. कधी भरला होता?”

काकांनी लेकीकडे पाहिलं. ठकीचं रडणं थांबलं होतं.

“भरायचा राहिला,” काका म्हणाले.

“मग रद्द कशाला करताय?” क्लार्कनं विचारलं.