तिरक्या फोटोतली खिडकी

लोकांना सपाट नकाशा कळत नाही, असं नगरपालिकेतल्या साहेबांचं ठाम मत होतं. खरं तर तो साहेबांनाही कळत नसे, पण त्यांनी ते लोकांवर ढकललं होतं. वसाहतीत सांडपाण्याची नवी लाइन टाकायची होती, शुक्रवारी सभागृहात त्याचं प्रदर्शन होतं, आणि साहेबांना नकाशा हवा होता तो फोटोवर बसवलेला. सोमवारी ड्रोन उडवून वसाहतीचा तिरका फोटो काढला गेला आणि बुधवारी सकाळी तो नकाशेबाईंच्या टेबलावर आला.

नकाशेबाई म्हणजे नकाशा विभागातली एकमेव बाई. एकोणीस वर्षं रेघा मारत होती आणि एकही रेघ तिने मनाने मारली नव्हती. तिने संगणकावर फोटो उघडला, त्यावर जुना नकाशा अर्धा पारदर्शक करून ठेवला आणि त्याचे चार कोपरे ओढायला घेतले. तिरक्या फोटोत जवळचं ऐसपैस दिसतं आणि लांबचं आखडतं, त्यामुळे नकाशालाही तसंच वाकवावं लागतं. नवखी माणसं यात छपरांचे कोपरे धरतात आणि फसतात, कारण उंच छप्पर फोटोत कलंडलेलं असतं. धरायचं ते जमिनीवरचं. गटाराची झाकणं, खांबांचे पाये, रस्त्याची वळणं.

अकरा वाजेपर्यंत नकाशा बेतून शिवल्यासारखा बसला. एकाच ठिकाणी घोळ होता, आणि ते ठिकाण म्हणजे तिचं स्वतःचं घर.

घरांची ती ओळ एकाला एक चिकटलेली होती. तिचं घर आणि शेजारच्या काका-काकूंचं घर यांच्यात एकच भिंत. नकाशात मात्र तिथे दोन रेघा होत्या, चार फुटांच्या अंतराने. तिला वाटलं, नकाशाची प्रत चुकून दोनदा पडली असेल. तिने वरची प्रत पुसली, कोपरे सोडून पुन्हा धरले, मग सगळंच पहिल्यापासून केलं. रेघा दोनच राहिल्या.

मग तिने नकाशा बाजूला केला आणि नुसता फोटो मोठा करून पाहिला. घराच्या मागच्या अंगाला, काकांच्या पत्र्याच्या शेडच्या वर, बरोबर त्या दोन रेघांच्या मधे एक लहानशी खिडकी होती. त्या घरात ती चौदा वर्षं राहत होती आणि तिथे खिडकी नव्हती. जमिनीवरून शेड आडवी येत होती, वरून छप्पर. तिरकं पाहिलं तरच ती दिसत होती.

खिडकीत चेहरा होता.

तिने तो आणखी मोठा केला. चेहऱ्याचे चौकोन झाले, तपकिरी, करडे, दोन काळे. लहान केला, तर चेहरा परत आला आणि थेट तिच्याकडे पाहू लागला. ड्रोनने चार सेकंद आधी काढलेला फोटो तिने उघडला. त्यात खिडकी रिकामी होती. म्हणजे त्या चार सेकंदांत कोणीतरी उठून खिडकीशी आलं होतं. तिने संगणक बंद केला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मोजपट्टी पर्समध्ये घालून घरी निघाली. वाटेत तिला एकच गोष्ट आठवत राहिली, आणि ती खिडकीपेक्षा वाईट होती.

सासूबाई सहा वर्षं सांगत होत्या की त्यांच्या खोलीतली भिंत खोकते.

सुरुवातीला सगळे हसले. मग त्यांचे कान तपासले. मुलगा, म्हणजे नकाशेबाईचा नवरा, औषधांच्या दुकानात होता आणि कुठल्याही तक्रारीवर त्याच्याकडे गोळी असे. भिंतीच्या खोकल्यावर त्याने आईला रात्रीची एक गोळी चालू केली. भिंत दुपारची खोकत असल्याने तिचा काही उपयोग झाला नाही. पुढे सासूबाईंना एकटीने गॅस पेटवायची बंदी झाली, मग एकटीने बाहेर जायची. या शनिवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली होती. हल्ली त्या भिंतीबद्दल काही बोलतच नव्हत्या. नुसत्या तिच्याकडे पाहत बसत.

नवऱ्याची सुट्टी होती. बायकोने दारातूनच मोजपट्टीचं टोक त्याच्या हातात दिलं. बाहेरची भिंत, कोपऱ्यापासून शेजाऱ्यांचा रंग सुरू होतो तिथपर्यंत, साडेचोवीस फूट भरली. आतून मोजायचं तर सासूबाईंच्या खोलीतूनच मोजावं लागणार होतं. त्या पलंगावर पाय घेऊन बसल्या आणि दोघांना पट्टी धरून सरपटताना शांतपणे पाहत राहिल्या. दुपारचे तीन वाजले होते. पडद्यातून येणारं ऊन त्या भिंतीपाशी येऊन थांबलं होतं.

"साडेवीस," नवरा भिंतीला पट्टी टेकवून म्हणाला. "बाहेर साडेचोवीस. म्हणजे तीन फुटांचा फरक. भिंती जाड असतात जुन्या घरांच्या."

"चार," भिंत म्हणाली.

नवऱ्याच्या हातून पट्टी सुटली आणि सरसरत बायकोकडे गेली. आवाज हलका होता, जवळून आलेला, आणि त्यात भीती घालण्याचा काही हेतू नव्हता. उलट त्यात एक प्रकारचा नाइलाज होता. मग भिंत अगदी दबक्या सुरात खोकली.

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. "मी काही बोलले नाही," त्या म्हणाल्या.

नवऱ्याचं म्हणणं पडलं की आपण आधी आईला घेऊन बाहेर पडू. आईचं म्हणणं पडलं की सहा वर्षं ती या भिंतीशेजारी झोपते आहे, तेव्हा घाई असेल तर त्याने एकट्याने पडावं. शेवटी तिघंही मागच्या बोळात गेले. सर्वात पुढे सासूबाई होत्या. काकांच्या शेडच्या मागे अंग तिरपं करून शिरावं लागत होतं. तिथे एक हातभर रुंदीचं दार होतं, आणि दारापाशी नीट जोडून ठेवलेले दोन बूट. सासूबाईंनी ते दार ढकललं.

आत शेजारचे काका बसले होते. चार फूट रुंद आणि खोलीएवढी लांब जागा, पाइपांसाठी सोडलेली आणि पाइप दुसरीकडून नेल्यामुळे विसरलेली. एक खुर्ची, एक दिवा, छापील कागदांचा गठ्ठा. काका आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत आले होते. निवृत्त झाल्यावर तपासायला घर उरलं. ते काकूंच्या सामानाच्या याद्या तपासू लागले, मग बोलणं, मग पाहुण्यांचं बोलणं. घरात कोणी तोंड उघडेना. काकांनाच ते समजलं, पण जीभ थांबेना. म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी दुपारी दोन ते पाच फिरायला जायला सुरुवात केली, आणि फिरायला म्हणून ते इथवरच येत. सोमवारी सकाळी मात्र राहिलेले कागद घ्यायला म्हणून ते मुद्दाम आले होते आणि बाहेर काहीतरी घोंघावलं म्हणून खिडकीशी उठले होते.

"मला बोलायचं नव्हतं हो," ते नवऱ्याला म्हणाले. "सहा वर्षं सगळं ऐकून घेतलं. तुम्ही 'माझी मदत कर' म्हणता, तेही सोडलं. पण साडेचोवीसातून साडेवीस गेले तर तीन राहत नाहीत."

मग ते सासूबाईंकडे वळले आणि म्हणाले की त्यांच्या घरात शुद्ध बोलणारं एकच माणूस आहे आणि सहा वर्षांत त्यांची एकही चूक निघाली नाही.

सासूबाईंनी त्यांना एकदा खोकून दाखवायला सांगितलं. काका खोकले. "हाच," त्या म्हणाल्या. एवढं म्हणून त्या घरात गेल्या, गॅस पेटवला आणि चहा ठेवला. नवऱ्याने बोळातच उभं राहून शनिवारची वेळ रद्द केली. नकाशेबाई दाराशी गेली तेव्हा सासूबाईंची पाठ तिच्याकडे होती आणि खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या, हे तिने विचारलं नाही. नुसती शेजारी जाऊन कप धुवत राहिली.

चहा पिताना काकांनी हात जोडले. हिला कळू देऊ नका, म्हणाले. रोज फिरायला जातो म्हणून ती कौतुकाने बूटसुद्धा पुसून ठेवते. आणि प्रदर्शनात तर ती नक्की येणार.

गुरुवारी नकाशेबाईने एकोणीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. दोनातली एक रेघ पुसली. मग शेजारच्या भिंतीचा तुकडा उचलून खिडकीवर लावला, वर आणखी एक लावला. चेहरा गेला. भिंत इतकी साफ झाली की तिला स्वतःलाच तिच्याकडे बघवेना. साहेबांनी मात्र पाहिलं आणि आता कसं चपखल बसलंय म्हणून सगळ्या विभागाला बोलावून दाखवलं.

शुक्रवारी दुपारी काकू सभागृहात आल्या. चष्मा लावून त्या फोटोसमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की नकाशेबाईने टेबलावरच्या टाचण्या दोनदा मोजल्या. मग त्यांनी बोटाने तिला जवळ बोलावलं.

"इथली खिडकी कुठे गेली?"

"कुठली खिडकी, काकू?"

"यांच्या बसायच्या जागेची," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "ती तुझ्या नकाशात दिसली नाही, तर खणणारे साधी भिंत समजून काम करतील. उद्या त्यांनी ती जागा बुजवली तर? अगं, ती जागा मी शोधलेली आहे. शेडमागचा कचरा मी काढला. दार मी मोकळं केलं. खुर्चीसुद्धा अशी ठेवली की त्यांना वाटावं, आपल्यालाच सापडली."

नकाशेबाईने एवढंच विचारलं की बूट मग का पुसता.

"पुसले नाहीत तर त्यांना वाटेल, मला संशय आलाय. मग दुपारचे घरी बसतील." काकूंनी चष्मा काढून डबीत घातला. "रोज तीन तास मी पुढच्या खोलीत बसून, त्यांना ऐकू जाणार नाही अशी, मोठ्यांदा बोलते. बहिणीशी फोनवर, नाहीतर एकटीच. मनाला येईल तसं, वाटेल तितकं चुकीचं. आजच्या आज ती जागा परत दाखव. आणि त्यांना यातलं काही बोलू नकोस."

नकाशेबाईने मान हलवली आणि फोटोच्या टाचण्या काढायला घेतल्या. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजायला दहा मिनिटं होती. त्यांनी पिशवी काखेत मारली आणि सभागृहातल्या माणसांमधून वाट काढत, जवळजवळ धावतच, त्या घराकडे निघाल्या.