सुदेशकाकांच्या सासूबाई आणि माझी पट्टी

प्रश्नावली काढायची कल्पना माझीच होती. (हे आधीच सांगून टाकते, कारण मी नाही सांगितलं तर आई सांगते.)

माझे बाबा ठाणे-डोंबिवलीकडच्या एका मोटार क्लबच्या त्रैमासिकाचे संपादक आहेत. क्लबात दोन प्रकारची माणसं आहेत. काही जण साठ-साठ वर्षं जुन्या स्पोर्ट्स कार जपतात, तर काही जण अगदी नव्या, जमिनीला चिकटून धावणाऱ्या घेतात. बाबांना दोन्हींबद्दल सगळं ठाऊक आहे. फक्त गाडी नाहीये. आमच्याकडे स्कूटर आहे.

गेल्या सभेत ठरलं की अंक कोणी वाचत नाही, तेव्हा अजून एक काढून बघू, नाहीतर बंद. बाबा अकरा वर्षं एकट्याने अंक काढतायत. ते जेवताना गप्प बसले की आमच्याकडे काहीतरी संपलेलं असतं. एरवी ते मीठ असतं.

"लोकांना काय हवंय ते विचारू या ना," मी म्हटलं.

"कोण, तू विचारणार?" आई म्हणाली.

मी वर्गात हजेरीसुद्धा मान हलवून देते. म्हणूनच मी प्रश्नावली छापली. बोलायचं कामच नाही. त्रेचाळीस सभासदांना पाठवली, दोन परत आल्या. दोन्हींवर एकच उत्तर होतं: 'प्रत्यक्ष ये.'

आधी कोपरीला भाऊंकडे गेले. भाऊ ऐंशीचे, त्यांची काळी गाडी पासष्टची. ते तिचं चाक जुन्या धोतराने पुसत होते, बाळाचा पाय पुसतात तसं.

"भाऊ, अंकात तुम्हाला काय हवं?"

"कागद."

"म्हणजे?"

"जाड कागद. मागच्या वेळी तुझ्या बाबाने गुळगुळीत केला. त्यावर तेल पसरतं, थेंब उमटत नाही."

त्यांनी कपाट उघडलं. अकरा वर्षांचे सगळे अंक ओळीने लावलेले होते. प्रत्येक अंक इंजिनाखाली एकेक दिवस ठेवलेला, डागाशेजारी तारीख. "हा बघ जूनचा. गोल थेंब, तब्येत ठीक. हा डिसेंबरचा, पसरट. तेव्हा तेल अडवणारं सील गेलेलं." डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसे ते एकेक पान वाचत गेले. इतकं जिवापाड कोणी काही सांभाळताना मी पाहिलं नव्हतं.

"आणि लेख?" मी हळूच विचारलं.

"लेखांवर थेंब छान दिसतो. फोटोंवर कळत नाही. लेख वाढव म्हणावं."

(बाबांना मी एवढंच सांगितलं की भाऊंना लेख जास्त हवेत. बाबा दोन दिवस शीळ घालत होते.)

दुसरे डोंबिवलीकडच्या मानपाड्याचे सुदेशकाका. त्यांची गाडी पिवळी, नवी, दोन सीटची.

"लेख-बिख नको मला. स्पीडब्रेकरची उंची छापा. माझ्या गाडीचं पोट रस्त्यापासून अकरा सेंटिमीटर. जरा उंच स्पीडब्रेकर आला की सासूबाईंना उतरवावं लागतं."

"मुलाकडे ठाण्याला गेले परवा, निम्मी वाट चालत," सासूबाई, म्हणजे सरोजआजी, म्हणाल्या. "पण बसते तेव्हा राणीसारखी बसते हां."

सुदेशकाका प्रत्येक स्पीडब्रेकरपाशी स्वतःही उतरतात आणि वाकून गाडीच्या पोटाखाली बघतात. खरचटलं तर बॉनेटवर हात ठेवून तिला सॉरी म्हणतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

पुढचे दोन रविवार बाबा स्कूटरवर पुढे आणि मी कंपासमधली पट्टी घेऊन मागे. स्पीडब्रेकरवर एक फळी आडवी धरायची, तिच्या टोकाशी पट्टी उभी करायची आणि आकडा लिहायचा. असे एकतीस मोजले. एका बाईंनी विचारलं, "गॅसची लाइन येतेय का?" मी मान हलवली. (मान हलवून खोटं बोलायला सोपं जातं.)

अंक निघाला. जाड कागद, भरपूर लेख, शेवटच्या पानावर माझा तक्ता. सुदेशकाकांच्या सोसायटीचं गेट: दहा पूर्णांक आठ.

त्याच सकाळी त्यांचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा पिवळी गाडी स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसलेली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आत सरोजआजी, आणि मागे रिक्षांची रांग.

"उतरू का?" आजी विचारत होत्या.

"नको, आई. आज उतरायचं नाही. छापून आलंय."

"सुदेश, छापून कागदावर आलंय. आपण रस्त्यावर आहोत."

बाबांनी माझ्या हातातली पट्टी घेतली आणि डोळ्यांजवळ नेली. "अंतरा, यात शून्य कुठंय?"

शून्य टोकाला नव्हतं. टोकापासून अर्धा सेंटिमीटर वर होतं. दहा पूर्णांक आठ नव्हे, अकरा पूर्णांक तीन. एकतीसच्या एकतीस स्पीडब्रेकर मी बसके केले होते. आता अंक बंद होणार आणि तो मीच बंद पाडला, एवढंच मला दिसत होतं.

कोणीतरी भाऊंना कळवलं होतं. ते काळी गाडी आणि दोरखंड घेऊन कोपरीहून आले, खाली उतरून पिवळीची पाठ थोपटली. "जुन्या गाड्यांना गुडघे असतात, पोरी, पोट उचलून चालतात," मला म्हणाले. मग काळीने पिवळीला अशी अलगद ओढली की रिक्षावाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. आजी उतरल्या नाहीतच.

अंकात चूक आहे ही बातमी क्लबभर पसरली आणि संध्याकाळपर्यंत बाबांचा फोन तापला. आमच्या गेटचा आकडा बरोबर आहे का? पान चारवरची तारीख बघितलीत का? त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणांनी अंक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, हातात पेन्सिल घेऊन वाचला होता.

पुढच्या सभेत अंक बंद करायचा विषय कोणी काढलाच नाही. उलट भाऊंनी ठराव मांडला की यापुढे प्रत्येक अंकात एक तरी चूक असावी, म्हणजे लोक वाचतील. ठराव एकमताने मंजूर झाला आणि चुकीची जबाबदारी माझ्याकडे आली.

मला टेन्शन आलं. मुद्दाम चूक कशी करायची, मी आईला विचारलं.

"मुद्दाम कशाला?" आई म्हणाली. "तू आपली नेहमीसारखं नीट लक्ष देऊन कर."