इंगळेकाकांचा बुडालेला क्लब

बहरीनमध्ये जुलै महिन्यात गळ्यात लोकरीचा मफलर घालून फिरणारा माणूस एकच, आमचे इंगळेकाका. मफलर पिवळा-तपकिरी. अंगातून घामाच्या धारा लागलेल्या असतात, पण सुट्टीचा शुक्रवार म्हणजे मफलर. "क्लबचे कलर हायेत," म्हणतात.

हा क्लब स्कॉटलंडमधल्या ग्लेनबार्नी नावाच्या चिमुकल्या गावातला, फुटबॉलचा. तो बंद पडूनही जमाना झाला. काका मूळचे अकोल्याचे, इथल्या सित्रा बेटावरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. स्कॉटलंड त्यांनी फक्त नकाशात पाहिलाय. तरी कंपनीच्या कामगार-कॅम्पातल्या खोलीत बसून ते या क्लबचा इतिहास मराठीत लिहितात. पाच वह्या भरल्यात.

कंपनीच्या बसमध्ये माझी सीट त्यांच्या शेजारी, त्यामुळे तो इतिहास मलाही तोंडपाठ. मैदान म्हणे उतारावर होतं. खालच्या बाजूने खेळणारी टीम हाफ टाइमपर्यंत दमून जायची. गोलकीपर गावचा बेकरीवाला. पाव करपायला लागले की त्याची बायको कुंपणावरून हाक मारायची आणि हा पठ्ठ्या गोल सोडून पळायचा.

"मग? गोल झाला?" मी विचारलं.

"झाला न! पण पाव वाचले," काका अभिमानाने म्हणाले.

मागच्या महिन्यात ग्लेनबार्नीच्याच भागातला एक तरुण इंजिनियर आमच्याकडे आला. काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून भेटायला गेले. तो म्हणाला, तिथे तर सुपरमार्केट आहे, क्लब कसला? काकांनी त्याला उभ्या उभ्या अर्धा तास क्लब समजावला. पुढचा आठवडाभर काका दिसले की तो बिचारा जिना बदलायचा.

मला राहवेना. शुक्रवारी दुपारी जेवण उरकून मी काकांच्या खोलीवर गेलो. आज विचारायचंच, हे वेड आलं कुठून? दार उघडंच होतं. काका व्हिडिओ कॉलवर होते. पडद्यावर एक म्हातारे गोरे गृहस्थ, मांडीवर शाल. मला हातानेच 'बस' म्हणून काका वहीत बघत त्यांना इंग्रजीत एक जुनी मॅच सांगत राहिले.

शेवटी म्हाताऱ्याने घाबरत विचारलं, "आपण जिंकलो?"

"येस सर! थ्री-टू!"

म्हाताऱ्याने खळखळून हसत टाळ्या वाजवल्या.

फोन ठेवून काका म्हणाले, "हे डंकनसाहेब, माझे पहिले सुपरवायझर. मी नवा आलो तवा मले इंग्रजी येत नव्हतं. पोरं हसायची. साहेबानं रोज चहाच्या सुट्टीत आपल्या क्लबच्या गोष्टी सांगून शिकवलं. आता त्यायले सोताची पोरं ओळखू येत नाहीत. क्लब तेवढा येते."

मी वहीत डोकावलो. त्या मॅचपुढे काकांच्या अक्षरात लिहिलं होतं: शून्य-सात.

"काका, अहो, हे तर..."

"चूप बस बे," म्हणत त्यांनी वही मिटली. "कसे हासले, पाह्यलं न?"