काळू दिगंबर, शिक्षण निरंक

रेणापूरला आमच्या शेजारी राहणारे दिगूमामा पावशेर शेंगदाणे आणायलासुद्धा चिठ्ठी लिहून नेत: 'विनंती की, शेंगदाणे भाजके द्यावेत.' दुकानदार समोरच उभा असे. तहसीलबाहेर चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? "तोंडी बोलण्याची पोच मिळत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. मी आता लातूरला राहतो, पण कुठलाही फॉर्म भरताना मामाच आठवतात.

मामी वारल्यावर त्यांच्या ओसरीवर काळू राहू लागला. गल्लीतलंच कुत्रं, गळ्यात पट्टा नाही. एका सकाळी टेंपो आला आणि काळूसकट चार कुत्री घेऊन गेला. अशी पकडलेली कुत्री परराज्यात मांसासाठी विकतात, हे सगळ्यांना माहीत होतं. टेंपोचा नंबरही सगळ्यांना पाठ होता.

चार दिवस शोधून मामा मला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदार भला माणूस. "कायदा हाय मामा, गुन्हाबी हाय," तो म्हणाला. पण बेवारस कुत्र्याची फिर्याद कोणाच्या नावानं घ्यायची? त्यासाठी छापील नमुनाही नव्हता.

हे ऐकून मामांना चेव आला. बेपत्ता माणसाचा नमुना त्यांना तोंडपाठ. बाकावर बसून त्यांनी लिहिलं: नाव काळू दिगंबर, वर्ण सावळा, बांधा मध्यम, शिक्षण निरंक, व्यसन चहा-खारी. मी हसू दाबत होतो, हवालदार उघड हसत होता.

"गावात कुत्र्यांला काय तोटा, मामा? दुसरं पाळा."

मामांनी पेनाला टोपण लावलं. "मंडळी गेली तवापासून घरात म्या त्याच्याशीच बोलत हुतो, सायेब. चार दिस झाले, घरात तोंड उघडलं न्हाई."

हवालदाराने अर्जावर शिक्का मारला. टेंपो मात्र कोणी अडवला नाही. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आमच्याच गल्लीतून गेला. मला ठाण्याचा संताप आला, आणि स्वतःची लाजही वाटली. मामांच्या हकिगतींना कंटाळून मी कित्येक महिने त्यांचं दार टाळत होतो.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. मामांनी चहा टाकला आणि वारसा हक्काच्या एका जुन्या अर्जाची गोष्ट काढली. ती मी दहादा तरी ऐकली होती. मध्येच ते थांबले, माझ्याकडे बघू लागले.

मी म्हणालो, "मग तहसीलदार काय म्हणाले, मामा?"