पोथी सापडल्याचा जाहीर निषेध

सोनगीरच्या सुकलालनानांवर अन्याय झाला. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी पावणेअकरा वाजता, त्यांच्याच पत्र्याच्या शेडमध्ये. अन्याय करणारी मी. साक्षीदार एक कोंबडी. मी नानांना त्यांच्या गाडीचं पुस्तक मिळवून दिलं.

हसू नका. मी पत्रकं लिहिते. बसथांब्यावरच्या कुलूपबंद मुतारीसाठी लिहिलंय, गल्लीतल्या नळासाठी लिहिलंय, शाळेच्या गळक्या छतासाठी तर तीनदा लिहिलंय. दर वेळी आरोपीच्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी नाव टाकलंय. या वेळी तिथे माझं आहे, तर तेही तितक्याच ठसठशीत अक्षरात असावं.

नाना आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. तुम्ही त्यांच्या दारात गेलात तर ‘या, बसा’ ऐकायला मिळणार नाही. नाना चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, “काम काय शे?” पोस्टमनला हेच, लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्याला हेच. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून, मागे वीस माणसं घेऊन आला, त्यालाही हेच. “नाना, आशीर्वाद…” एवढंच बोलला. नाना म्हणाले, “म्हनजे काम काही नही,” आणि पुन्हा स्पॅनर उचलला. त्या दिवसापासून मी नानांना मनातल्या मनात आमच्या चळवळीत घेऊन टाकलं.

त्यांचं तत्त्व एकच: “बिगर कामनं कोना दारे जावानं नही.” काम नसेल तर कुणाच्या दारात जायचं नाही. स्वतःही हे तंतोतंत पाळतात. सख्ख्या मुलीकडे सुरतला गेले ते तिचा मिक्सर बिघडला तेव्हा. मिक्सर दुरुस्त झाला त्याच दुपारी परतीच्या गाडीत बसले. “आते तठे मनं काय काम?” म्हणाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून घरात नाना, ती कोंबडी आणि गाडी.

आता गाडी. नाना शिंदखेड्याच्या एका जिनात फिटर होते. कापसाचं जिन बंद पडलं तेव्हा मालकाने कधीकाळी हौसेने मुंबईहून आणलेली एक विलायती गाडी गोदामात सरकीच्या ढिगाखाली सापडली. दोन दारं, दोनच जागा, उघड्या टपाची. पुढचं तोंड लांबलचक आणि बसायची जागा मागे सरकवलेली, त्यामुळे आत बसलेला माणूस चुकून तिथे ठेवल्यासारखा दिसतो. मालक म्हणाला, “सुकलाल, घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल.” नानांनी बैलगाडीला बांधून ती सोनगीरला आणली. गावात वरात आली समजून बायका ओवाळायला बाहेर आल्या होत्या, असं जुने लोक सांगतात.

तेव्हापासून नाना तिचे भाग शोधतायत. आणि शोधायची त्यांची पद्धत अशी, की जगात कुठल्याही गॅरेजवाल्याला सुचणार नाही. नानांना इंग्रजी येत नाही, भागांची विलायती नावं माहीत नाहीत. जिनात असताना मोडलेल्या भागाचा ओल्या मातीत छाप घेऊन लोहाराकडे नेत. पण माती बसच्या धक्क्यात फुटते. म्हणून नाना कळण्याचं पीठ मळतात. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद असतो, त्यामुळे पीठ छाप धरून ठेवतं. त्यात भाग दाबायचा, तव्यावर मंद आचेवर दगडासारखी भाकर भाजायची, फडक्यात बांधायची आणि धुळ्याला याकूबभाईंच्या भंगाराच्या दुकानात न्यायची. तिथे ढिगातला एकेक तुकडा त्या भाकरीत बसवून बघायचा.

पहिल्या खेपेला याकूबभाईंना हे कुठे माहीत? नाना गाठोडं गल्ल्याजवळ ठेवून ढिगाकडे गेले. याकूबभाईंना वाटलं, गावाकडचा माणूस आहे, भाकर घेऊन आलाय, प्रेमाने ठेवलीय. त्यांनी मिरचीचा ठेचा काढला. नाना परत येईपर्यंत पाण्याच्या पंपाचं झाकण अर्धं संपलं होतं.

“नाना, भाकर जरा सख्त थी,” याकूबभाई म्हणाले, “मगर मिरची के साथ चल गई.”

“आरे, तो मना पंप व्हता!”

दोघंही एकमेकांकडे बघत राहिले आणि मग इतके हसले की शेजारच्या टायरवाल्याने येऊन काय झालं विचारलं. पुढच्या गुरुवारी नाना दोन भाकरी घेऊन गेले. एक पंपाची, एक खायची.

हे गुरुवार किती वर्षं चालले असतील ते मला ठाऊक नाही. मी शाळेत असल्यापासून बघतेय. सकाळच्या बसने जायचं, ढीग उपसायचा, उन्हं कलली की परत. एकेक भाग मिळत गेला. जो मिळाला नाही तो पिंपळनेरला, शिरपूरला, कुठे कुठे जाऊन बनवून घेतला. इंजिन सुरू झालं, दिवे लागले, रंगही झाला. राहिलं काय, तर टप. टपाचा लोखंडी सांगाडा पत्र्याच्या छत्रीसारखा उघडतो, आणि नाना तो उभा करायला गेले की उजवीकडून सरळ येतो, डावीकडे अडकतो. तिरपा होतो. बोट चेमटतं.

“डावी बाजूले काहीतरी कमी शे,” नाना म्हणत. काय कमी आहे त्याचं नाव माहीत नाही, आकार माहीत नाही. छाप कशाचा घेणार? म्हणून मग गाडीचं पुस्तक शोधायला लागले. कारखान्याने छापलेलं, सगळ्या भागांची चित्रं असलेलं. नाना त्याला पोथी म्हणतात. गुरुवारचं काम आता ते झालं. भंगाराच्या दुकानात रद्दीही येतेच. याकूबभाई गठ्ठे सोडत, नाना चाळत, कुणाकुणाला फोन लावत. दहावे-बारावे, साखरपुडे, कुठेही नाना उभे राहिले की पाच मिनिटांत प्रश्न येई: “तुमना माळ्यावर जुनी गाडीनी पोथी शे का?” एकदा तर तिरडी उचलायला खांदा देता देता विचारलं. मेलेल्या माणसाकडे मोटार होती, एवढंच त्यांचं समर्थन.

हे सगळं बघून माझं डोकं फिरलं. एक कारागीर आयुष्यभर वणवण करतो आणि समाज ढिम्म! मी पत्रक काढलं. मथळा: ‘सोनगीरच्या कारागिराची वणवण थांबवा!’ खाली तीन उद्गारचिन्हं. धुळ्यात वाटलं, जळगावात वाटलं, मोबाइलवर ज्या ज्या ग्रुपमध्ये मी होते तिथे टाकलं. ज्यांनी मला ग्रुपमधून काढलं त्यांना वेगळं पाठवलं. दहाव्या दिवशी जळगावहून एका निवृत्त प्राध्यापकांचा फोन आला. वडिलांकडे अशीच गाडी होती. गाडी गेली, पुस्तक राहिलं. मी स्वतः जाऊन घेऊन आले. त्यांच्या पत्नीने भरीत-पुरी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या बसमध्ये, पोथी मिळाल्याचं दुसरं पत्रक मनात जुळवत, पुस्तक मांडीवर घेऊन मी विजयी मुद्रेने बसले होते. अशी मुद्रा माझ्या वाट्याला फारशी येत नाही. मुतारी अजून बंदच आहे.

मग ते पावणेअकरा.

“काम काय शे?” नाना म्हणाले.

मी पुस्तक पुढे केलं. नानांनी हात आधी पँटला पुसले, मग गाडीच्या फडक्याला, मग धुऊन आले. कपाळाला लावून पुस्तक उघडलं. टपाचं प्रकरण शेवटी होतं. भागांची यादी, शेजारी चित्र. मी एकेक भाग दाखवत होते, नाना सांगाड्यावर बोट ठेवत होते. “शे.” पुढचा. “शे.” डाव्या बाजूचे सगळे झाले. “शे… शे… बठ्ठं शे.” नाना थांबले. “मंग कमी काय शे?”

मी पान उलटलं. वर चौकटीत दोन ओळी होत्या.

“हाई काय लिखेल शे?”

मी वाचत वाचत मराठीत सांगितलं. टप चढवताना दोन माणसांनी गाडीच्या दोन बाजूंना उभं राहून एकाच वेळी उचलावं. एकट्याने प्रयत्न करू नये.

कोंबडी बॉनेटवर चढली, नानांनी तिला हाकललं नाही. एरवी तिला तिथे पाय ठेवायची परवानगी नाही. मग हळूच पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “बरं शे. पुस्तक खोटं नही बोलस.” मला चहा दिला. माझ्या हुशार डोक्यात एकच विचार: पुढचं पत्रक कशावर काढावं?

त्या गुरुवारी नाना धुळ्याला गेले नाहीत. पुढच्याही नाही. सकाळची बस यायची, नाना शेडच्या दारात धुतलेला सदरा घालून उभे असायचे, बस जायची, नाना आत जायचे. फोन थांबले. नव्या टपाचं कापड घडी करून डाव्या सीटवर ठेवलेलं. चौथ्या आठवड्यात मला राहवेना. मी गेले.

“काम काय शे?”

“काही नाही नाना. सहज.”

“सहज?” मी चोरी करायला आल्याचं सांगितल्यासारखं त्यांनी बघितलं.

“म्हटलं, टप चढवू. मी डावीकडे उभी राहते.”

नाना कितीतरी वेळ एकच नट पुसत राहिले. “तुले काही काम नही का, लीडर? पत्रक लिखानं नही का?” मी तशीच उभी. “दया कराले येल शे तू,” ते शांतपणे म्हणाले. “ते काम नव्हे.”

मी घरी आले. पत्रकात मी कितीदा लिहिलंय, ‘आम्हाला दया नको, हक्क हवा.’ तेच वाक्य माझ्या तोंडावर मारलं गेलं होतं.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी माझं धुळ्याला काम होतं. याकूबभाईंच्या दुकानासमोरून जाताना बघते तर आत नाना. मांडीवर रद्दीचा गठ्ठा, बाजूला फडक्यात बांधलेल्या भाकरी.

“काय नाना,” याकूबभाई विचारत होते, “पोथी मिली?”

“कोठे मियस?” नाना म्हणाले. “धुंडनं पडी. बठ्ठी रद्दी देखनी शे अजून.”

धडधडीत खोटं! पुस्तक सोनगीरला शेडमध्ये, लाल फडक्यात, देवाच्या फोटोशेजारी. आणि हा खोटं न बोलणारा माणूस मान खाली घालून रद्दी चाळतोय. माझं तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात नानांनी वर बघितलं आणि मला पाहिलं. आरोपी माझ्याकडे असे बघत नाहीत. बसथांब्यावर शेवटची बस निघून जाताना माणूस बघतो तसं ते बघत होते.

मी तोंड मिटलं. नाना उठून मागच्या ढिगाकडे गेले. याकूबभाईंनी मला खुणेने जवळ बोलावलं. त्यांचे गुडघे गेलेत, खुर्चीतून उठणं होत नाही.

“बेटी, तुझा कागद माझ्या दुकानातही आला होता,” ते हळू आवाजात म्हणाले. “नंतर पोथी मिळाल्याचा दुसरा कागद काढलास ना, तोही आला. मी वाचला.”

“मग तरी तुम्ही त्यांना विचारता…”

“विचारलं नाही तर काय काम म्हणून येईल तो? एक महिना आला नाही. मी दर गुरुवारी ठेचा वाटून ठेवायचो.” मग बोट ओठांवर ठेवलं. “मला ठाऊक आहे हे त्याला सांगू नको.”

मागून नानांचा आवाज आला. “याकूबभाई, हाऊ गठ्ठा देखेल शे का?”

“नही देखा, नाना! आराम से देखो!”

तर वाचकहो, आता मागणी. विनंती नव्हे, मागणी. हे पत्रक सोनगीरला आणि याकूबभाईंच्या दुकानात वाटलेलं नाही; तुम्हीही ते नानांच्या हाती लागू देऊ नका. धुळ्यातल्या गुरुवारची काळजी याकूबभाई घेतायत. उरलेले सहा दिवस तुमचे. आग्रा रोडने येता-जाता सोनगीरला उतरा. किल्ल्याच्या दिशेने तोंड करून कुणालाही गाडीवाल्या नानांचं घर विचारा. पण रिकाम्या हाताने आलात तर उंबऱ्यावरूनच परत जाल, आणि कीव घेऊन आलात तर त्याच्याही आधी. म्हणून घरातलं काहीतरी बिघडलेलं घेऊन या: पंखा, शिलाई मशीन, मिक्सर. काम सांगा. ते उघडून बसले की चहा मिळेल. चहा संपेपर्यंत पोथीचं नाव काढू नका. त्यांनीच विचारलं तर म्हणा, माळ्यावर बघतो. तुमचा पंखा फिरायला लागला की उठा, गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहा, आणि तुमच्या बाजूचा सांगाडा धरा.

बोलू नका. उजव्या बाजूला नाना येतील. ते आले की उचला.